पद्याचें माप आणि चरणाचा शेवट

कापड लांबीनें मोजतात, धान्य वजनानें मोजतात आणि शाळेचा तास घड्याळानें मोजतात. ज्या वस्तूचें जें माप, त्यानेंच ती मोजली पाहिजे. शाळेचा तास कोणी तराजूंत घालून पाहात नाहीं. पद्याचेंही असेंच आहे. मराठी पद्याला मापें दोन आहेत, एक अक्षरांचें व दुसरें मात्रांचें. कोणतें पद्य कोणत्या मापानें मोजावयाचें हें ठाऊक नसलें, म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकांतील वृत्तांचें प्रकरण विद्यार्थ्यांस निरर्थक मंत्रांसारखें वाटूं लागतें. लक्षणें घोकून परीक्षेंत गुण मिळतात. परंतु कविता म्हणावयास उभें राहिल्यावर त्याच विद्यार्थ्याच्या तोंडून वृत्त मोडतें, आणि तें मोडलें हें त्याचें त्यालाही समजत नाहीं. या परिभाषेंतील मुख्य शब्द कशासाठीं आहेत, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा विचार आहे. विशेषतः एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. ती ही कीं, चरण जेथें संपतो तेथील विश्रांति हीसुद्धां मापाचाच भाग असते.

प्रथम ‘अक्षर’ म्हणजे काय तें पाहूं. एकटा स्वर, किंवा स्वरासह एक अथवा अनेक व्यंजनें, मिळून एक अक्षर होतें. ‘आ’ हें एक अक्षर, ‘ला’ हें एक, आणि ‘स्त्री’ हेंही एकच. कारण त्यांत व्यंजनें तीन असलीं तरी स्वर एकच आहे. पाय मोडलेलें व्यंजन निराळें मोजीत नाहींत. ‘अर्थात्’ या शब्दांत अक्षरें दोनच. येथवर सर्व सोपें आहे. अडचण येते ती आपल्या बोलण्याच्या संवयीमुळें. बोलतांना आपण शब्दाच्या अखेरचा आणि पुष्कळदां मधलाही ‘अ’ गिळून टाकतों. ‘राम’ असें लिहितों, पण ‘राम्’ असें म्हणतों; ‘करवत’ असें लिहितों, पण ‘कर्वत्’ असें म्हणतों. गद्यांत यांत कांहीं वावगें नाहीं. पद्यांत मात्र लिहिलेला प्रत्येक ‘अ’ पुरता उच्चारावा लागतो. तेथें ‘राम’ दोन अक्षरांचा व ‘करवत’ चार अक्षरांची. पाठांतराच्या वेळीं मुलांकडून ज्या चुका होतात, त्यांपैकीं पुष्कळांचा उगम येथेंच असतो.

अक्षरें मोजून झालीं म्हणजे प्रश्न येतो काळाचा. ‘क’ म्हणावयास जो वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ ‘का’ म्हणावयास लागतो, असें छंदःशास्त्र मानतें. त्या पहिल्या वेळेस एक मात्रा म्हणतात. एका मात्रेचें अक्षर तें लघु व दोन मात्रांचें तें गुरु. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर ज्यांत आहेत तीं अक्षरें लघु. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे ज्यांत आहेत तीं गुरु. स्पष्ट उच्चाराचा अनुस्वार किंवा विसर्ग असलेलें अक्षरही गुरु. म्हणून ‘हंस’ यांतील ‘हं’ गुरु व ‘दुःख’ यांतील ‘दुः’ गुरु. तसेंच पुढील जोडाक्षराचा आघात मागल्या ऱ्हस्व अक्षरावर आला म्हणजे तेंही गुरु होतें. उदाहरणार्थ, ‘सत्य’ यांतील ‘स’ व ‘पुस्तक’ यांतील ‘पु’. मात्र आघात खरोखरच झाला पाहिजे. पुढें जोडाक्षर नुसतें दिसलें म्हणून भागत नाहीं. ‘तुम्ही’, ‘तुझ्या’, ‘कुऱ्हाड’ हे शब्द मोठ्यानें म्हणून पाहा. ‘तु’ व ‘कु’ यांवर जोर येत नाहीं, म्हणून तीं अक्षरें लघुच राहतात. या नियमांचा शेवटचा निवाडा कान करतो, डोळा नव्हे.

ज्या पद्याच्या प्रत्येक चरणांत लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो, त्यास अक्षरगणवृत्त किंवा नुसतें वृत्त म्हणतात. आतां हा क्रम सांगावयाचा कसा? एकोणीस अक्षरांचा चरण ‘गुरु, गुरु, गुरु, लघु’ असा मोजीत बसलें, तर सांगणाराही थकेल व ऐकणाराही. म्हणून जुन्या शास्त्रकारांनीं तीन तीन अक्षरांचे गट पाडले. अशा गटास गण म्हणतात. अक्षरें तीन, आणि प्रत्येक एक तर लघु नाहीं तर गुरु. तेव्हां गण दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठच होऊं शकतात. ‘यमाताराजभानसलगम्’ या सूत्रांत ते सर्व गोंविले आहेत. ज्या गणाचें रूप हवें, त्याच्या अक्षरापासून सूत्रांतील तीन अक्षरें घ्यावीं, म्हणजे तो गण मिळतो. ‘यमाता’ म्हणजे लघु-गुरु-गुरु, हा य-गण. ‘राजभा’ म्हणजे गुरु-लघु-गुरु, हा र-गण. अखेरचे ‘ल’ व ‘गम्’ हे सुट्या लघूसाठीं व सुट्या गुरूसाठीं. अवघ्या दहा अक्षरांत आठही गण एकेकदांच बसविणाऱ्या या रचनेचें गणिताचे अभ्यासक आजही कौतुक करतात.

उदाहरणापुरती जुळविलेली एक साधी ओळ घेऊं:

नदीच्या किनारीं दिवा लावलेला

‘नदीच्या’, ‘किनारीं’, ‘दिवाला’, ‘वलेला’ असे तिचे चार गट पडतात, व चारही य-गण आहेत. चार य-गणांचें जें बारा अक्षरांचें वृत्त, तेंच भुजंगप्रयात. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तांत आहेत. आतां या ओळींतील ‘दिवा’ काढून ‘दीप’ घाला: ‘नदीच्या किनारीं दीप लावलेला’. अर्थ तोच, अक्षरें बाराच, मात्राही वीसच. तरीसुद्धां ओळ अडखळते. कारण ‘दिवाला’ हा य-गण जाऊन तेथें ‘दीपला’ हा र-गण आला. वृत्तांत नुसती बेरीज जुळून चालत नाहीं. क्रम जुळावा लागतो. आतां मूळची ओळ घेऊन तिचा शेवट बोलण्यांतल्याप्रमाणें ‘लाव्लेला’ असा करून पाहा. मधला ‘अ’ गेला, एक अक्षर कमी झालें, आणि चौथा गण नाहींसा झाला. ओळ रचणाऱ्यानें माप पुरें दिलें होतें. म्हणणाऱ्यानें तें वाटेंत सांडलें.

अक्षरसंख्या एक असूनही चाल किती भिन्न असूं शकते, हें सतरा अक्षरांच्या तीन प्रसिद्ध वृत्तांवरून दिसून येतें. मंदाक्रांतेंत म, भ, न, त, त हे गण व दोन गुरु येतात. मात्रा होतात २७. शिखरिणींत य, म, न, स, भ हे गण, एक लघु व एक गुरु, मात्रा २५. पृथ्वींत ज, स, ज, स, य हे गण, एक लघु व एक गुरु, मात्रा २४. कालिदासाचें मेघदूत मंदाक्रांतेंत आहे, व मोरोपंतांची केकावलि मुख्यतः पृथ्वींत. मंदाक्रांतेच्या आरंभीं चार गुरु सावकाश पावलें टाकीत येतात, आणि त्यांच्यामागून पांच लघु एकदम धांवत सुटतात. शिखरिणी एका लघूनें उचल घेते व लागोपाठ पांच गुरु चढून जाते. संख्या एकच, पण चाल निराळी.

सतरा अक्षरांचा चरण एका दमांत म्हणणें कठीण. म्हणून चरणाच्या पोटांत विसाव्याचीं ठिकाणें ठरलेलीं असतात. त्यांस यति म्हणतात. मंदाक्रांतेंत यति चौथ्या व दहाव्या अक्षरावर, शिखरिणींत सहाव्यावर, पृथ्वींत आठव्यावर आणि एकोणीस अक्षरांच्या शार्दूलविक्रीडितांत बाराव्यावर. यतीच्या जागीं शब्द संपला पाहिजे; न संपल्यास जो दोष होतो तो यतिभंग. मंदाक्रांतेचा आरंभ ‘विद्यार्थ्यांनीं’ या शब्दानें केला, तर चार गुरु पुरे होऊन शब्द व यति एकाच ठिकाणीं येतात. परंतु ‘हा मोठा सागर’ असा आरंभ केला, तर लघुगुरूंत दोष नसूनही विसावा ‘सा’ या अक्षरावर येतो, आणि एवढ्या मोठ्या सागराचे दोन तुकडे होतात: ‘हा मोठा सा... गर’!

पोटांतल्या विसाव्याचें एवढें महत्त्व, तर चरणाच्या अखेरच्या विसाव्याचें किती असेल! शास्त्रांत असा नियम आहे, कीं चरणाच्या शेवटचें अक्षर लघु असलें तरी गरज पडल्यास तें गुरु मानावें. विद्यार्थ्यांस हा नियम म्हणजे कवींना दिलेली एक सूट वाटते. वस्तुतः त्यामागें कारण आहे. चरण संपल्यावर म्हणणारा क्षणभर थांबतो. अखेरच्या लघूची एक मात्रा व त्या थांबण्याची एक, अशा दोन मात्रा मिळून गुरूचा काळ भरून निघतो. चरणाच्या मध्यें अशी मुभा नाहीं, कारण तेथें थांबणें नाहीं. म्हणजे नियम करणाऱ्यांनीं नुसतीं अक्षरें मोजलीं नाहींत. त्यांनीं शांतताही मोजली.

हीच गोष्ट मात्रावृत्तांत, म्हणजे ज्यांस जाति म्हणतात त्यांत, अधिक स्पष्टपणें दिसते. जातींत अक्षरें किती हें विचारीत नाहींत, मात्रा किती हें विचारतात. तेथें दोन लघूंचें काम एक गुरु करूं शकतो. पादाकुलकाच्या चरणांत १६ मात्रा असतात. आर्येचे चार चरण अनुक्रमें १२, १८, १२ व १५ मात्रांचे. येथें चौथा चरण दुसऱ्याहून तीन मात्रांनीं आंखूड आहे. कान अठरा मात्रांची वाट पाहत असतो आणि वाणी पंधरांवर थांबते. राहिलेली जागा विश्रांति भरून काढते. चौथा चरणही १८ मात्रांचा केला, म्हणजे ती गीति होते. मोरोपंतांच्या ज्या रचना आपण आर्या म्हणून ओळखतों, त्यांतील पुष्कळ या हिशेबानें गीति ठरतात.

गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं येथें एक प्रश्न सोडवून पाहावा. अमुक मात्रांचा चरण लघुगुरूंनीं किती प्रकारें भरतां येईल? एक मात्रा एकाच प्रकारें. दोन मात्रा दोन प्रकारें, दोन लघु किंवा एक गुरु. तीन मात्रांचे प्रकार तीन. चार मात्रांचे पांच: गग, ललग, लगल, गलल, लललल. पांच मात्रांचे आठ. १, २, ३, ५, ८ या मालिकेंत प्रत्येक संख्या मागील दोन संख्यांची बेरीज आहे, आणि याचें कारण पुन्हां चरणाच्या शेवटींच सांपडतें. अखेरचें अक्षर लघु असेल, तर आधींच्या भागांत एक मात्रा कमी. गुरु असेल, तर दोन कमी. या दोहोंचे प्रकार मिळविले कीं उत्तर आलें. जैन पंडित हेमचंद्र यानें बाराव्या शतकाच्या मध्यास ही रीत नमूद केली आहे. युरोपांत ही मालिका फिबोनाचीच्या इ. स. १२०२ च्या ग्रंथामुळें प्रसिद्धीस आली, व आज त्याच्याच नांवानें ओळखली जाते.

आतां आपल्या अगदीं घरच्या रचनेकडे वळूं. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवि माधव जूलियन, यांनीं ‘छन्दोरचना’ या ग्रंथांत पद्याचे वृत्त, जाति व छंद असे तीन वर्ग केले आहेत. यांपैकीं छंदांत अक्षरें मोजतात, पण लघुगुरूंचा भेद करीत नाहींत. प्रत्येक अक्षराला सारखाच काळ मिळतो. अभंग व ओवी या वर्गांत येतात. मोठ्या अभंगाचे चरण चार. पहिल्या तिहींत सहा सहा अक्षरें व चौथ्यांत चार. नमुन्यादाखल ही जुळणी पाहा:

विहिरीचें पाणी । भरे माझी आई ।
घागरीला घाई । नाहीं तिच्या ॥

पहिल्या तीन चरणांच्या मात्रा वृत्ताच्या रीतीनें मोजल्या, तर १०, ११ व ११ भरतात. जातीच्या दृष्टीनें हा दोष ठरेल. अभंगांत तो दोष नाहीं, कारण तेथें ‘वि’ आणि ‘री’ या दोहोंना सारखाच वेळ दिला जातो. आणि चौथा चरण चारच अक्षरांचा कां? म्हणणारा ‘नाहीं तिच्या’ येथें आवाज लांबवितो किंवा थांबतो, आणि दोन अक्षरांचा काळ त्यांत जातो. त्या दोन अक्षरांच्या जागेंत मागील बावीस अक्षरांचा अर्थ मनांत स्थिर होतो. तेथें घाई करून पुढील कडवें धरलें, तर शब्द सर्व म्हटले जातील, पण अभंग म्हटला जाणार नाहीं.

ओवीची रीत याच्या जवळचीच. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, पूर्ण झाली. तिच्या ओवींत पहिले तीन चरण यमकानें बांधलेले असतात, व चौथा आंखूड आणि मोकळा असतो. अक्षरांची संख्या अभंगाइतकी काटेकोर नसते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मोपदेशक गोव्यांत येऊन मराठी शिकला, व त्यानें इ. स. १६१६ मध्यें आपलें ख्रिस्तपुराण छापलें, तें याच ओवीछंदांत. परक्या देशांतून आलेल्या मनुष्याच्या कानालाही तो आंखूड चौथा चरण उमगला होता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

चरणाच्या शेवटाशीं निगडित असा दुसरा शब्द म्हणजे यमक. वरील अभंगांत दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या अखेरीस ‘आई’ व ‘घाई’ हे शब्द आले, तें अन्त्ययमक. नुसतें शेवटचें अक्षर जुळून यमक भरीव होत नाहीं. त्याच्या आधींच्या अक्षरांतील स्वरही जुळावा लागतो. ‘पाणी’ व ‘गाणी’ हें चांगलें यमक. ‘पाणी’ व ‘गोणी’ हें दुबळें. संस्कृत वृत्तांना सामान्यतः अन्त्ययमकाची गरज भासली नाहीं, कारण लघुगुरूंचा ठरलेला क्रमच चरण संपल्याची सूचना देतो. मराठी पंडित कवींनीं त्या वृत्तांतही यमकें आणलीं. वामन पंडितांस तर ‘यमक्या वामन’ असेंच नांव पडलें. ओवींत व अभंगांत मात्र यमक हा केवळ अलंकार नव्हे. तेथें लघुगुरूंचा क्रम नसतो, म्हणून चरण कोठें संपला हें कानाला यमकच सांगतें. शाळेची घंटा जसा तास संपल्याचें सांगते, तसेंच हें.

आपले विद्यार्थी इंग्रजी कविताही वाचतात, व तेथील मापें मराठीला लावूं पाहतात. तसें करूं नये. इंग्रजी पद्य मुख्यतः आघातावर चालतें. दीर्घ-ऱ्हस्वापेक्षां कोणत्या अवयवावर जोर आहे हें तेथें पाहतात. मिल्टनचें ‘पॅरडाइस लॉस्ट’ (इ. स. १६६७) हें ज्या आयॅम्बिक पेंटामीटरमध्यें आहे, त्यांत एका ओळीला दहा अवयव व पांच आघात असतात, आणि यमक नाहीं. परंतु ओळीच्या शेवटाला तेथेंही निराळीं नांवें आहेत. दहानंतर अकरावा निराघात अवयव आला, तर त्या शेवटास ‘फेमिनाइन एंडिंग’ म्हणतात. आणि अखेरच्या गटांतला एखादा अवयव गाळला, तर त्या ओळीस ग्रीक शब्दानें ‘कॅटॅलेक्टिक’ म्हणतात. मापें निराळीं, भाषा निराळ्या. पण ओळ कशी संपते याला स्वतंत्र नांव असावें असें ग्रीकांना, इंग्रजांना व आपल्या शास्त्रकारांना सारखेंच वाटलें.

आज पुष्कळ मराठी कविता मुक्तछंदांत लिहिली जाते. तेव्हां या जुन्या परिभाषेचा आतां उपयोग काय, असें कोणी विचारील. मुक्तछंदांत गण नाहींत व मात्रांचें बंधन नाहीं; पण ओळ कोठें तोडावयाची हें तेथेंही कवीला ठरवावेंच लागतें, आणि तेथें बाहेरचा नियम मदतीस नसल्यामुळें कान अधिकच तयार असावा लागतो. शिवाय, चुकलें कोठें हें सांगावयास शब्द लागतो. ‘कांहींतरी बिघडलें’ असें म्हणून मुलाला सुधारतां येत नाहीं. ‘येथें यतिभंग झाला’, ‘येथें एक अक्षर गिळलें’, ‘चरण संपला पण तूं थांबला नाहींस’ असें म्हटलें, म्हणजे त्याला नेमकें कळतें. परिभाषेचें प्रयोजन एवढेंच, आणि तें थोडें नाहीं.

पालकांस एक विनंति आहे. मुलें घरीं कविता पाठ करीत असतां दोन घटका जवळ बसून ऐकावें. गण विचारूं नयेत. शब्दांतले ‘अ’ पुरे उच्चारले जातात कीं नाहीं, आणि चरण संपल्यावर मूल थांबतें कीं नाहीं, एवढेंच पाहावें. ज्या घरांत ओव्या किंवा अभंग म्हणणारीं वडील माणसें आहेत, तेथें त्यांच्याजवळ मुलांना बसवावें. त्या माणसांना ‘अक्षरगणवृत्त’ हा शब्द ठाऊक नसेल. पण चौथ्या चरणावर किती थांबावयाचें हें त्यांना चांगलें ठाऊक असतें. विद्यार्थ्यांनीं शाळेंत नांव शिकावें व घरीं चाल ऐकावी. दोहोंची गांठ पडली, म्हणजे तें घोकलेलें सूत्र मंत्रासारखें वाटणार नाहीं.